रोख

लक्ष्मीपुरीत, सुरेख प्रिंटर्सच्या काउंटरवर
आप्पासाहेब नेजदार टोपी काढून बसले
आणि पाणी मागितलं.
पाणी मागताना त्यांना काही वाटलं नाही.

मग म्हणाले, मॅडम, एक ओळ घालायची होती.
खाली, कोपऱ्यात, लहान अक्षरात.
वाचणाऱ्याला दिसली पाहिजे
पण आम्ही घातलीय असं वाटू नये.

'कृपया आहेर आणू नये' माझ्याकडं तयार असतं.
सतरा वर्षं तेच चिकटवत आलोय मी.
नको म्हणायला पत्रिकेत जागा ठरलेली,
द्या म्हणायला नाही.

पोरगी पुण्याला चालली. दोन खोल्या,
डिपॉझिट साठ हजार.
थोरलीच्या लग्नात भिंतीवरची घड्याळं आली अकरा,
त्यातली नऊ अजून माळ्यावर टिकटिकतात.
आप्पासाहेब उद्यमनगरात मोल्डर होते,
साचा बसत नाही म्हटल्यावर
परत परत वाळू ठोकत राहिले:

'आहेर रोख स्वरूपात स्वीकारला जाईल.'
हे तर लाइट बिलागत झालं.
'शुभेच्छा पाकिटातून द्याव्यात.'
लोक चिठ्ठ्या घालतील.
'भांडी नकोत.'
पाव्हणा विचारणार, मग काय पाहिजे?
आणि 'पाहिजे'पाशी
आप्पासाहेब परत पाणी प्याले.

शेवटी ओळ काढली. जागा तेवढी ठेवली,
दोन बोटं, कोरी.
ज्याला कळतंय त्याला कळंल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्काताई एकट्याच आल्या.
काखेत आहेराची वही,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकात घातलेली.
"हे बघ, ह्या सगळ्यांच्यात मी जाऊन आलोय.
ह्यास्नी एकावन्न दिलोय, ह्यास्नी एकशे एक,
हिच्या बारशाला पातेलं, झाकणासकट.
मी कुठं मागतोय? मी आठवण करतोय."
मग घालू का ओळ, मी विचारलं.
त्यांनी वही मिटली.
"आठवण छापत असतात व्हय?
तू ये लग्नाला. टेबलाला बस. तुझं अक्षर बरं हाय."

म्हणून बावड्यातल्या हॉलच्या दारात मी,
समोर वही, पेन दोऱ्यानं बांधलेलं,
मागनं मसालेभाताचा वास.
पाकीट फोडायचं, मोजायचं, नाव, गाव, रक्कम.
घड्याळं ह्याही खेपेला आली. दोन.

मंडईत खाऊची पानं विकणारी शेवंता लोहार
दोन्ही हातांनी पाकीट देऊन
माझ्याकडं न बघता आत गेली.
फोडलं. आत काही नव्हतं.
उजेडाला धरून बघितलं, तरी नव्हतं.
वर तेवढा रुपया, पाकिटासोबतच येतो तो,
डिंकानं चिकटवलेला.

पेन तसंच धरून बसलोय,
तर पाठीमागं शालूची सळसळ.
"एकशे एक लिही."
अहो अक्काताई, आत...
"वरचा रुपाया हाय न्हवं? शंभर माझं धर."
म्हणजे लपवायचं?
"लपवायचं कशाला?
वैशाखात तिच्या पोरीचं हाय.
वहीत नसलं तर कुठल्या तोंडानं देऊ?
फुकटचं ती घ्यायची न्हाई."

लिहिलं.
रुपया निघता निघेना,
नख दुखलं दोन दिवस.

चैत्रात शेवंता प्रेसवर आली.
पंचवीस पत्रिका, सगळ्यात साध्या, पिवळ्या.
खाली काय घालू, मी विचारलं.
"समद्यांच्या असतंय ते," ती म्हणाली,
"आणू नये म्हणून."
घातलं.

झाल्यावर पत्रिका तिनं मोजल्या,
कमरेची पिशवी सोडली
आणि विचारलं, पैसे किती झाले.

मी उठून
पाणी प्यायलो.